घुमटातल्या रेघा

नवऱ्याच्या, रामूच्या तिथीला घरी पान वाढून झालं की शांताबाई भोईवाड्याहून दादरच्या चर्चमध्ये जायच्या. हात न जोडता बाकावर बसायच्या आणि वर बघत राहायच्या.

जुनी इमारत पाडून हे चर्च उभं राहिलं तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. ना मनोरा, ना टोकदार कमानी. नुसते काँक्रीटचे गोल घुमट आणि मधे उघडी अंगणं. रामू तिथे सेंटरिंगचा सुतार. काँक्रीट ओतण्याआधी घुमटाच्या गोलाईत साच्याच्या फळ्या बसवायचं काम त्याचं. काँक्रीट धरल्यावर फळ्या निघाल्या, पण लाकडाच्या रेघा आणि गाठी आतून तशाच उमटून राहिल्या. नव्या नवरीला त्याने मुद्दाम नेऊन दाखवलं. “ह्या बघ गो, ह्या सगळा माझ्या हातचा.”

शेवटच्या घुमटाच्या वेळी परांची सरकली आणि तो गेला. शांताबाईंना तेव्हा दिवस गेले होते. घरात त्याचा एक फोटोही नव्हता. मुलगा कळता झाल्यावर त्यांनी त्याला इथेच आणून वर बोट केलं होतं, “हे तुझे बाबा.”

यंदा नात अक्षदा सोबत होती. शांताबाईंनी बसून मान वर केली. घुमट पांढराशुभ्र, गुळगुळीत. आपण जागा चुकलो असं वाटून त्या दुसऱ्या घुमटाखाली गेल्या, मग तिसऱ्या.

तरुण फादर हसत पुढे आले. “फार गळायचं, मावशी. आतून सगळं प्लास्टर करून घेतलं. छान झालंय ना?”

“छान झालंय.”

अक्षदाला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. फादरांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला. प्लास्टर खरवडलं तर खालचं काँक्रीटही निघेल, असं तो म्हणाला.

“आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं हो,” फादर म्हणाले.

“गळत होतं तर करायलाच हवं होतं, बाबा.”

अंगणात आल्यावर मात्र शांताबाईंचे पाय थांबले. “ह्यांचा चेहरा मला कधीचाच आठवत नाही गो. वर बघितलं की हात तेवढे आठवायचे.” आणि नातीच्या खांद्यावर डोकं टेकून त्या ओक्साबोक्शी रडल्या.

पुढच्या वर्षी तिथीला अक्षदा चपला घालून दारात उभी राहिली.

“आता कुठे जायचं?” शांताबाई म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या.