होड्यांच्या रांगेत लावलेली बस

"एवढी जड होडी वाळूवर ओढून आणतं तरी कोण?" मी विचारलं.

संग्रहालयाचे कारकून साळवी बोलता बोलता थांबले. त्यांचं भाषण तोंडपाठ होतं आणि मी ते सारखं मोडत होतो. जाळ्याला खाली शिसं कशाला, वर लाकडाचे तुकडे कशाला, शार्कच्या जबड्यात दातांच्या इतक्या ओळी कशाला, असं माझं चालूच होतं. आता मी भिंतीवरच्या फोटोपाशी उभा होतो. फोटोत होड्या वाळूवर एका अंगाला कलून बसल्या होत्या. जवळपास पाण्याचं नाव नव्हतं.

"कुणी ओढत नाही," साळवी म्हणाले. "भरतीच्या पाण्यावर होडी काठापर्यंत येते. ओहोटीला पाणी मागं जातं, होडी तिथंच बसते. पुन्हा भरती आली की तरंगते."

"म्हणजे पाणी परत तिथंच येतं?"

"रोज येतं. दिवसातून दोनदा."

सकाळी मी माझी बस नेमकी अशाच होड्यांच्या रांगेत लावली होती.

मी सरकारी बसचा ड्रायव्हर. ही गोष्ट मराठवाडा महाराष्ट्रात आला त्यानंतरच्या चार-दोन वर्षांतली. आमचा डेपो उस्मानाबाद जिल्ह्यातला. तिथून समुद्र इतका लांब, की डेपोत एकानंही तो पाहिला नव्हता. भूम तालुक्यातल्या ईट गावच्या शेतकऱ्यांना नव्या तलावात मासे सोडायचे होते. म्हणून ब्लॉकच्या विस्तार अधिकाऱ्यांनी, कुलकर्णी साहेबांनी, त्यांची सहल काढली. मासेमारीचं संग्रहालय बघायचं, बंदर बघायचं, जमलं तर किल्ला आणि दीपगृहही. अशा सहलीसाठी पार्टी अख्खी गाडी ठरवते, त्याला आम्ही कॉन्ट्रॅक्ट म्हणतो. ड्युटी माझ्यावर आली. मी अजून टेंपररी होतो आणि गाडी कोरी करकरीत होती.

निघताना डेपो मॅनेजर म्हणाले, "गाडी जशी नेताय तशी परत आणा. काही झालं तर कायम व्हायचं विसरा."

"जी साहेब," मी म्हणालो. कॉन्ट्रॅक्ट मिळाल्याच्या आनंदात होतो. आपल्या आयुष्यात समुद्र बघायचा योग आहे, हेच डोक्यात.

आंबा घाट मी जपून उतरवला. बंदराच्या गावात पोचलो तर गल्ल्या अशा अरुंद, की गाडी वळेना. शेवटी उतार धरून काठावर आलो आणि मन हरखलं. केवढं मोकळं मैदान! सपाट, ओलसर, घट्ट. टाच आपटून पाहिली, खड्डा पडला नाही. बैलगाड्यांच्या चाकोऱ्याही उतरलेल्या होत्या. आमच्या धंद्यात एक रीत आहे. परक्या गावात गेलं की बाकीची वाहनं जिथं उभी, तिथं आपलं उभं करायचं, म्हणजे पोलीस बोलत नाही. इथं होड्या ओळीनं उभ्या होत्या. दोन होड्यांच्या मधे चांगली जागा होती. मी गाडी तिथं घातली, अगदी रांगेत.

वर जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं आमच्याकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, गाडी नवी आहे म्हणून बघतात.

मग आम्ही किल्ला चढलो. दीपगृह पाहिलं. ईटचे दगडूआबा पार्टीतले सगळ्यांत वडीलधारे, ते वरून बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. "एवढं पाणी अन् समदं खारं," ते म्हणाले, "देवाचा बी हिशेब कळंना." हे सगळं करून जेवणं उरकून आम्ही संग्रहालयात आलो होतो.

साळवींचं उत्तर ऐकलं आणि मी धावत सुटलो. बाहेर कंडक्टर गफूरभाई समोरूनच पळत येत होता.

"उस्ताद, ते पाणी आपल्या गाडीकडंच यायलंय!"

होड्या अजून बसलेल्या होत्या, पण सगळ्यांत पुढची हलायला लागली होती. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांना लाट लागून मागं जात होती. मी उडी मारून आत बसलो, स्टार्टर मारला, रिव्हर्स टाकला. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि वाळूत बसली. पुन्हा केलं, आणखी बसली. सकाळची घट्ट वाळू आता दह्यासारखी झाली होती.

जाळीवाल्यांपैकी एक म्हातारा उठून आला. तो तांडेल होता, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"होडी तरंगेल," तो म्हणाला. "ही तरंगेल काय?"

"नाही हो."

"मग इथं का लावलीत?"

"तुमच्या लावलेल्या होत्या म्हणून."

तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार. "मशीन बंद करा. जितकं फिरवाल तितकी खाली जाईल." मग त्यानं वर हाक दिली. माणसं होड्यांतल्या फळ्या आणि काथ्याचे जाड दोर घेऊन आली. मागच्या चाकांमागची वाळू हातांनी उपसून फळ्या सारल्या. दोर गाडीच्या मागच्या बाजूला बांधले. तोवर ईटची सगळी पार्टी धोतरं खोचून हजर झाली. कुलकर्णी साहेबांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली.

पण ओढणं काही जमेना. कोळी आरोळी देतात, एका झटक्यात ओढतात आणि सोडतात. आमचे लोक नांगराला जुंपल्यासारखे एकसारखे ओढत राहतात. त्यांनी सोडलं की आमच्यावर ओझं यायचं आणि दोर हातातून सुटायचा. पाणी चाकाच्या अर्ध्यावर आलं. मी स्टिअरिंगवर बसून होतो. नोकरी चालली, हे मला समोर दिसत होतं आणि रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात दगडूआबा ओरडले, "आरं, आपलं शाणपण बास करा! गाव त्येंचं, दोर त्येंचा. त्ये वरडले की वढा, न्हाय तर गप ऱ्हावा!"

पुढच्या आरोळीला सगळे एकदम ओढले. तांडेलानं मला हात केला. मी मशीन पुन्हा चालू करून हळूच क्लच सोडला. चाक फळीवर चढलं, घसरलं, परत चढलं. आणखी तीन-चार आरोळ्यांत गाडी उतारावर आली. मागं बघतो तर माझी जागा पाण्याखाली गेलेली, आणि दोन्ही बाजूंच्या होड्या मजेत डोलत होत्या. काळजी सरली तसं मला ते बघतच राहावंसं वाटलं. आपोआप उचलल्या जातात, काय सोय आहे!

"बघत काय बसलात?" तांडेल म्हणाला. "खारं पाणी लोखंड खातं. आत्ताच्या आत्ता गोड्या पाण्यानं धुवा."

विहीर त्याच्याच वाडीत होती. गफूरभाई गाडीखाली शिरला आणि मी बादली उचलली. आमच्या भागात उन्हाळा लागायच्या आधीच विहिरी तळ दाखवतात, हंडाभर पाण्यासाठी बायका मैलभर जातात. तिथली ही माणसं. गोडं पाणी गाडीवर ओतायचं म्हटल्यावर कुणाचा हात पुढं होईना. शेवटी आबांनीच माझ्या हातातली बादली घेतली.

"लई जिवावर येतंय बग," ते म्हणाले आणि त्यांनी ती चाकावर रिकामी केली. मग सगळे लागले. त्या माणसांचं ऋण मी अजून विसरलो नाही.

परत आलो. डेपोत मॅनेजर गाडीभोवती फिरले. पत्र्याला ओरखडा नव्हता. मी सुटलो म्हणतोय, तोच ते वाकले आणि मागच्या स्प्रिंगपाट्यांतून त्यांनी काहीतरी ओढून काढलं. हिरवं, दोरीसारखं, वाळलेलं शेवाळ.

"हे काय?"

आता लपवून काय उपयोग? मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला. मग ते मधेच म्हणाले, "थांबा. पाणी आपलं आपण मागं जातं?"

"हो साहेब."

"आणि परत येतं? कुणी न सोडता?"

"रोज दोनदा."

त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. होड्या कशा उचलल्या जातात, लाट किती उंच येते, दीपगृहावरून काय दिसतं, सगळं विचारून घेतलं. मी साळवींना जेवढं छळलं होतं, त्याहून जास्त त्यांनी मला छळलं. चहा संपल्यावर शांतपणे मेमो लिहून हातात ठेवला. कायम व्हायचं त्या खेपेला राहिलं ते राहिलंच.

पुढच्या वर्षी समुद्राकडचं दुसरं कॉन्ट्रॅक्ट आलं. ड्युटी लागली तर नाव माझंच. मी घाबरत केबिनमध्ये गेलो.

"साहेब, मेमो मिळालेला माणूस मी. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"डेपोत समुद्राची माहिती असलेले तुम्ही एकटेच आहात," मॅनेजर म्हणाले. "आणि पुढची खिडकीची सीट माझ्यासाठी ठेवा. मी रजा टाकली आहे."

त्या वेळी गाडी मी गावाच्या वरच देवळापाशी लावली. आधी एका माणसाला विचारलं, इथं पाणी येतं का. तो म्हणाला, ही टेकडी आहे. तरीही मॅनेजर दोनदा उतरून बघून आले.