मैनाबाईची सरकती वाटी

भरवेली खाणीच्या चाळीत मैनाबाईच्या फळीवरच्या वाट्या कधी जागा सोडत नसत. गुडघ्यातली मात्र, दगडाचं टोपलं घेऊन खाणीचा चढ चढू लागली की हमखास बाजूला सरकायची.

बाई जन्माचीच लवचिक. अंगठा मागं वळवून मनगटाला टेकवायची. लग्नाच्या मांडवात पैजा लागायच्या, अन् ही पाय ताठ ठेवून दोन्ही तळवे भुईवर आपटायची. तोंड तेवढं कधी कुणापुढं वाकलं नाही.

चौसष्ट साली गुडघा फारच छळू लागला, तेव्हा तिनं बायांच्या कामावर देखरेख करणाऱ्या मेट भैयालालकडे छपरीत बसून दगड फोडायचं काम मागितलं. तो म्हणाला, "पहले डॉक्टर को दिखा."

खाणीच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरनं फर्मावलं, "माई, झुककर जमीन छुओ."

झालं! बाईला मांडवच दिसला. फाडकन तळवे टेकवले. वर दाद मिळावी म्हणून अंगठाही वळवून दाखवला.

डॉक्टर हसला. "इतनी लचक! घुटने में कुछ नहीं है. कामचोरी है."

घरी आली ती उकळतच. नवरा महागू खाटेवर पडला होता.

"तू वाकली काहून?"

"त्यानं म्हटलं वाक, तं वाकली! अन् तू हसून काहून राह्यला?"

"हसत नाही वं. हे खाट पाह्य. सुंभ ढिलं झालं, तं कशी झोळीवानी वाकते. म्हून का मजबूत झाली? तुह्या गुडघ्याचे बंदबी असेच ढिले. वाटीले धरून कोण ठेवन?"

"हे काल सांगाले का झालं होतं, मुडद्या?"

दुसऱ्या दिवशी चढाच्या ऐन मध्यावर वाटी सरकली. टोपलं उलटलं, दगड गडगडत खाली. मैनाबाई चढावर टाकलेल्या अरुंद फळीवरच बसली. मागं बायांची रांग तुंबली.

भैयालाल धावत आला. "उठ! डॉक्टर बोला ना, तू ठीक है!"

"हौ, ठीकच हाय! अंगठा वळवून दाखवू? वाटी जाग्यावर येत नाही तवर हालत नाही मी!"

मागून चंपाबाई ओरडली, "मेटसाब, टोपलं घेऊन हिच्यावरून उड्या मारू का आमी?"

मैनाबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. भलतीकडेच आलेला वाटीचा उंचवटा पाहून भैयालालनं मान फिरवली. "बस, बस! कल से छपरी में बैठ."

"उद्यापासून नाही. आताच!"

पाय हळूहळू सरळ करून तिनं वाटी जागेवर आणली, अन् लंगडत छपरी गाठली. तिथं काळा, टणक दगड हाती आला की ती म्हणायची, "हा डागदर," अन् हातोडी हाणायची.