आशाबाईंच्या वाट्याचा शब्द

रागिणीचं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, आणि डोकं कुठलं ते देवालाच ठाऊक. इंग्रजी बोलायला शिकवायचं म्हणून तिनं सासूबाईंच्या समोरच्या खोलीत क्लास काढला, तर पुस्तकं गेली माळ्यावर आणि घरातली माणसं आली फळ्यावर. एकमेकांत घोटाळणारे शब्द वेगळे करायची तिची रीतच तशी होती. प्रत्येक शब्दाला एक ओळखीचं माणूस.

सासरे चंद्रभानजी म्हणजे 'हिअर'. बायको बोलते ते सगळं त्यांच्या कानावर पडतं. कान देऊन ऐकतात ते फक्त कापसाचे भाव, ते 'लिसन'. शेजारच्या पार्बताबाई खलबत्ता मागून नेतात तेव्हा 'बॉरो', आणि स्वतःची शिडी गल्लीभर देत फिरतात तेव्हा 'लेंड'. आणि ज्यांची खोली, ज्यांचा चहा, त्या सासूबाई आशाबाई म्हणजे 'वॉच'. सहज दिसलं तर 'सी', मुद्दाम वळून पाहिलं तर 'लुक', आणि खिडकीचा पडदा बोटभर सारून, कोणाकडे कोण आलं ते जाईपर्यंत पाहत राहिलं तर 'वॉच'. त्यानंतर हा शब्द कोणाचा चुकला असेल तर शपथ. आशाबाई चहा घेऊन आल्या की सगळा क्लास ओठ दाबून फळ्याकडे बघायचा, आणि त्यांना वाटायचं, पोरं काय शिस्तीची आहेत बाप्पा.

हे असंच चाललं असतं. पण क्लासमध्ये एक चंदा होती, ब्यूटी पार्लरवाली, आणि तिच्या पोटात काही राहत नाही. आशाबाई भाचीच्या लग्नासाठी तिच्याकडे केस रंगवायला गेल्या, आणि ही बया लाडानं सांगून बसली की काकू, तुम्ही आमच्या धड्यात आहात. कोणता धडा, कशी खिडकी, केवढा पडदा, सगळं. आशाबाईंच्या डोक्याला रंग थापलेला, उठून जायचीही सोय नाही. त्या गेल्यावर चंदाला अक्कल आली आणि तिनं रागिणीला फोन केला. "मॅडम, मी माती खाल्ली."

रागिणी तेव्हा पोळ्या लाटत होती. खोली आशाबाईंची. त्यांनी नाही म्हटलं की फाटकावरची क्लासची पाटी उतरलीच, आणि या पाटीवर तर तिचा जीव. पण खरा घोटाळा असा की तिला हसूही येत होतं. डोकं रंगवून मुकाट्यानं स्वतःचा धडा ऐकणाऱ्या सासूबाई डोळ्यांपुढे आल्या की हातातलं लाटणं थांबायचं. घाबरत होती आणि हसत होती. आशाबाई काळ्याभोर केसांनी घरी आल्या आणि सरळ आत निघून गेल्या.

संध्याकाळी क्लास भरला. चहा आला नाही, आशाबाई आल्या. खुर्ची ओढून सगळ्यांच्या पुढे बसल्या.

"घे माहा धडा," त्या म्हणाल्या.

चंदा बाकाखाली शिरायच्या बेतात होती. रागिणीनं धडा घेतला. 'सी' झालं, 'लुक' झालं, आणि पडद्याचं तिनं फळ्याकडे तोंड करून सांगितलं. आता पाटी गेली, असं तिनं मनाशी धरलंच.

"अन् पार्बताले दोन शब्द कावून?" आशाबाईंनी विचारलं. "खोली माही, चहा माहा, अन् मले एकच? तोही खिडकीतला?"

क्लास जो फुटला तो आवरेना. आशाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना खरंच लागलं होतं, आणि ते दिसल्यावर रागिणीचं हसू विरलं. अख्खी गल्ली फळ्यावर चढवली आणि या बाईला खिडकीतच उभं ठेवलं, याची तिला लाज वाटली.

तिनं फळा पुसून 'रिमेंबर' आणि 'रिमाइंड' लिहिलं. आपलं आपल्याला आठवतं ते पहिलं, दुसऱ्याला आठवण करून द्यायची ते दुसरं. मग तिनं सांगितलं, की सुरुवातीला क्लासला एकटी चंदा यायची, तेव्हा लाजेपायी आपण रोज संध्याकाळी पांघरूण घेऊन पडायचो आणि क्लास विसरल्याचं सोंग करायचो. रोज आशाबाई दारात येऊन म्हणायच्या, ऊठ व रागिणी, तुह्या क्लासची वेळ झाली. एकही दिवस त्यांनी विसरू दिलं नाही.

"'रिमाइंड' तुमचा, आई," ती म्हणाली. "हा दुसऱ्या कोणाले देणार नाही."

आशाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मंग शिकव ना पोराईले," त्या म्हणाल्या. "अर्धा तास माह्यातच घालवला."