दोन दातांचा पाना

आमचे धाकटे दीर धर्माजी यांनी जन्मभर लोकांच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण स्वतः साधी सायकल घेतली नाही. मुर्ध्याहून भाईंदर स्टेशनला चालत जायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि ओटीवर घरातला एकुलता एक कंदील सुटा करून बसले होते. सासूबाई ओरडत होत्या आणि भावजी म्हणत होते, "जोडतो ना, आधी आत काय हाय ते बघू तर दे." जोडला. फक्त वात वर करायला गेलं की खाली जाऊ लागली. पुढे बरीच वर्षं आम्ही ती तशीच उलटी फिरवत होतो.

लग्न त्यांनी केलं नाही. मुंबईच्या एका गॅरेजात पंचवीस वर्षं काढली, ते बंद पडल्यावर आमच्या घरामागे पत्र्याची शेड टाकली. त्यांच्याकडे यायच्या त्या सगळ्या जुन्या विलायती गाड्या. या गाड्यांचे नट आपल्याकडच्या पान्यांत बसत नाहीत. एक पाना सैल होतो, त्याच्या खालचा चढतच नाही. बाकीचे मेकॅनिक छिन्नी-हातोडा घेऊन नट फोडून मोकळे व्हायचे. भावजींना ते बघवत नसे. म्हणायचे, "वहिनी, नटाला मारायचं नसतं. त्याला पटेल असा पाना करायचा असतो."

आणि ते करायचे. ट्रकच्या मोडक्या ॲक्सलचा तुकडा, छोटी भट्टी आणि कानस, एवढ्यावर. इंजिनात खोल कुठे हात पोचत नसेल तर माझ्या परातीतला पिठाचा गोळा उचलून न्यायचे, आत दाबायचे आणि त्यावर उठलेल्या ठशावरून माप घ्यायचे. त्या दिवशी घरात एक भाकरी कमी व्हायची आणि आमचे हे, आत्माराम, म्हणायचे, "आज कुठल्या गाडीनं खाल्ली माझी भाकर?"

पाना घडवला की त्याला पाणी द्यायचं, म्हणजे लोखंड कडक करायचं. लाल करून मिठागरातल्या खाऱ्या पाण्यात बुडवायचा. पण नुसता तसा ठेवला तर काचेसारखा तुटतो. म्हणून घासून परत मंद आचेवर धरायचा आणि गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग चढला की लगेच बाहेर. रंग चुकला की पाना फुकट. भावजी हे काम उन्हात कधी करायचे नाहीत. सावलीत, शेडच्या दारात बसून, श्वास धरून.

अठ्ठ्याऐंशी साली तारोडीचे वॉल्टर आपली गाडी टेम्पोला बांधून घेऊन आले. वडिलांची गाडी, बेडकासारखे डोळे वर आलेली. इंजिनात खोलवर एक चकती होती, तिला दोन खाचा. ती फिरवल्याशिवाय पुढचं काही उघडत नव्हतं.

"धर्माजी, डिसेंबरात आमच्या ॲलिसनचं लगीन हाय," वॉल्टर म्हणाले. "हीच गाडी चर्चला नेणार, असा तिच्या आजोबांनी शब्द दिलेला. आजोबा गेले, शब्द माझ्या डोक्यावर ठेवून गेले."

भावजींनी माझं पीठ नेलं, ठसा घेतला आणि तीन आठवडे खपून दोन दातांचा एक लांब पाना केला. पाणी दिलं, तेल लावलं आणि म्हणाले, "दसरा होऊ दे. पूजा झाली की हात लावतो."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. ह्यांचं मिठागरातलं फावडं, माझी विळी, कोयता आणि भावजींचे सगळे पाने. ते घासायचं काम माझं. बाकीचे पाने रॉकेलनं निघाले. या नव्याच्या दातांत मात्र तेल आणि लोखंडाचा भुगा मिळून काळा चिकटा बसला होता. देवापुढे तसा कसा ठेवायचा? मला वाटलं, तव्याचा चिकटा आपण चुलीत घालून जाळतो, तसा याचाही जाईल. दुपारी भात उतरवला आणि पाना निखाऱ्यांत खुपसला, वर चार ढलप्या टाकल्या. मग झेंडूची फुलं आणायला शेजारच्या विमलाबाईंकडे गेले. विमलाबाईंकडे गेलं की लवकर परत येता येत नाही. दिवेलागणीला राखेतून पाना काढला आणि चिंच लावून घासला.

भावजी खूश. "वहिनी, चांदीचा केलास की! आता नटाला लावू का तिजोरीत ठेवू?"

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी वॉल्टर आले. दोघे शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं भावजी माझ्या चुलीपाशी येऊन खाली बसले. हातात तो पाना. दोन्ही दात मेणाच्या बाहुलीसारखे वाकलेले. दात वाकले, पाना निसटला आणि चकतीच्या खाचा पार घासून गेल्या. तसली चकती बाजारात मिळत नाही.

"माझं पाणी चुकलं," ते म्हणाले.

वॉल्टर दारात उभे होते. "अरे, होतं असं."

"न्हाय होत. रंग मी नीट बघितला होता, वहिनी. काडाचाच होता. आणि एकदा दिलेलं पाणी परत तापवल्याशिवाय उतरत न्हाय. परत कोण तापवणार?"

माझ्या हातात भाकरी होती. मी ती तव्यावर टाकली आणि तिच्याकडेच बघत बसले. आमचे हे म्हणाले, "बावन्न वर्षांचा झालास, नजर गेली तुझी, दुसरं काय?" तेव्हाही मी भाकरी उलटली नाही. भाकरी जळली, तीही मीच खाल्ली.

ॲलिसन भाड्याच्या टॅक्सीतून चर्चला गेली. वॉल्टरच्या बायकोनं, व्हेरानं, आम्हाला केक पाठवला. भावजींनी त्याला हात लावला नाही. मी लावला, बराच लावला, आणि प्रत्येक घासाला वाटत होतं की आता सांगावं.

भावजींनी भट्टी बंद केली. मीरा रोडला नव्या बिल्डिंगी उठत होत्या, तिथे वॉचमन म्हणून लागले. खुर्ची टाकून गेटपाशी बसायचे. गेटची कडी बिघडली तरी दुसऱ्याला बोलवायचे. मी आपली त्यांच्या ताटात तळलेले बोंबील वाढत राहिले. एकदा म्हणाले, "वहिनी, मला लठ्ठ करून विकायचा विचार हाय का?" मी हसले आणि आत जाऊन तांदळाच्या डब्यात हात घातला. तो वाकडा पाना मी तिथे पुरून ठेवला होता. रोज भाताला तांदूळ काढताना हाताला लागायचा.

चार वर्षांनी वॉल्टर परत आले. चोर बाजारात त्यांना तसल्याच गाडीचं मोडकं इंजिन मिळालं होतं, त्यात चकती शाबूत. "फक्त ती काढायला आणि इथे बसवायला तुझा पाना पाहिजे, धर्माजी."

"मला माझ्याच हाताचा भरवसा न्हाय. एक चकती मी खाल्ली. दुसरी माझ्या तोंडाशी आणू नको."

वॉल्टर वळले. मी म्हटलं, "थांबा." आत गेले, पाना काढला आणि तांदूळ झटकून भावजींच्या पुढ्यात ठेवला. तव्याचं, चुलीचं, विमलाबाईंचं, सगळं सांगितलं.

भावजींनी पाना उचलला. "किती वेळ होता चुलीत?"

"भात उतरल्यापासून दिवे लागेपर्यंत."

"लाल झाला असेल."

"जास्वंदीसारखा लाल झाला असेल, मी कुठे बघितला? मी काढला तेव्हा राखेत गार झाला होता."

ते वॉल्टरकडे वळले. "ऐकलंस? माझं पाणी बरोबर होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार वर्षं, वहिनी."

पुढे पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोंबील ताटात तसेच राहायचे. सोळाव्या दिवशी सकाळी शेडमधून भात्याचा आवाज आला. नवा पाना घडवला, खाऱ्या पाण्यात बुडवला आणि मग भट्टीपुढे नुसतेच बसून राहिले. त्या चार वर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना सगळंच काडाच्या रंगाचं दिसायचं.

"वहिनी, इकडे ये. भाकरीचा रंग कळतो ना तुला?"

"कळतो."

"मग याचा सांग."

मी बसले. पाना त्यांनी घासून आचेवर धरला. लोखंड पांढरं होतं, मग नुसतं वाटलं न वाटलं असं पिवळं झालं. "थांबा," मी म्हटलं. "अजून नाही. भावजी, आता!"

त्यांनी दातावर कानस फिरवून बघितली. घसरली, धरली नाही, म्हणजे पाणी बरोबर. दुपारी त्यांनी बोंबील खाल्ले.

वॉल्टरची गाडी चालू झाली. ॲलिसनचं पोर बाप्तिस्म्यासाठी तिच्यातून चर्चला गेलं. मला बोलावलं होतं, मी गेले, पण गाडीत बसले नाही.

अजून खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं मांडतात. घासतात ती भावजी स्वतः, डोळे किलकिले करून, चाचपून. मला सांगतात, "कुंकू तेवढं लाव." तो वाकडा पानाही ते पूजेत ठेवतात, माझ्या बाजूला, सगळ्यांत पुढे. कुंकू लावायला मी बसते तेव्हा तोच आधी हाताशी येतो.