आत्याबाईंचे राक्षस

राक्षसांच्या घरातलं सगळं खडानखडा माहीत असलेली बाई आमच्या अख्ख्या तालुक्यात एकच आहे, आणि ती माझी चुलत सासू आहे. देवांचं काय, त्यांची माहिती सगळ्यांनाच असते, कीर्तनात ऐकायला मिळते, कॅलेंडरवर दिसते. पण दहा तोंडांचा तो राजा सकाळी चूळ भरताना कोणत्या तोंडापासून सुरुवात करायचा, हे विचारायचं असेल तर आमच्या आत्याबाईंकडेच यावं लागतं. उजवीकडून करायचा, कारण डावीकडची तीन तोंडं उशिरा उठायची. मिसरी लावायला बसला की त्याची दुपार व्हायची. सर्दी झाली की दहा नाकं एकदम वाहायची आणि बायको बिचारी पातळाची फडकी फाडून फाडून दमायची. तंबाखू दोनच तोंडं खायची, पण अंगणात पिंक कुणी टाकली यावरून दहाही भांडत बसायची. आत्याबाई हे इतक्या खात्रीने सांगतात, की ऐकणारीला वाटावं या तिथं दहा-बारा वर्षं नांदून आल्यात.

राक्षसांची नावं मात्र त्या कधी घेत नाहीत. "आपल्यापेक्षा मोटा हाय त्यो, वयानं बी आन् बळानं बी. नाव काय म्हणून घ्यायचं?" असं म्हणतात. त्यामुळे त्यांच्या गोष्टीत राजा म्हणजे 'दहा तोंडाचे', सहा महिने झोपणारा त्याचा भाऊ म्हणजे 'धाकले', आणि गाडाभर भात, दोन रेडे आणि वर गाडीवान खाणारा तो दुसरा म्हणजे 'गाडेवाले'. त्याला मारायला जाणारा गदेचा वीरसुद्धा नुसता 'मधले', कारण तो भावांमध्ये दुसरा. धाकल्यांची बायको आत्याबाईंच्या मते सगळ्या पोथ्यांमधली सर्वांत सुखी बाई. नवरा सहा महिने झोपलेला, भाकरी नाही, भांडण नाही, माहेरी जायला कुणाला विचारायला नको. त्याला उठवायची वेळ आली की आत्याबाईंचा आवाज चढतो. आधी हलगी येते, मग ताशा, आणि गेल्या उन्हाळ्यात आमच्या दिराच्या लग्नात डीजे पाहिल्यापासून टेम्पोवर बांधलेला डीजेही येतो. तो वाजला की धाकले फक्त कूस बदलतात.

हे सगळं चालतं रानात. बेलापूरच्या शिवारात आमची अकरा बायकांची टोळी खुरपणीला जाते. एका ओळीत बसायचं, प्रत्येकीने आपापली पट्टी धरायची, तिला आम्ही पात म्हणतो, आणि खुरपत खुरपत पलीकडच्या बांधापर्यंत जायचं. आत्याबाई मधल्या पातीला बसतात. पात धरली की राक्षस जन्माला येतो आणि शेवटचं तण उपटलं की मरतो. मध्ये जी मागे राहील तिला लढाई ऐकू येत नाही, म्हणून कुणी मागे राहतच नाही. त्यामुळे आमच्या टोळीला मागणी फार. एकदा एक शेतकरी पाण्याची मोटार चालू करून आमचं काम बघायला आला. "गवत नीट निघतंय का" म्हणाला आणि गाडेवाल्यांचा हात पिरगाळला जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. पाणी त्याच्या सोयाबीनमधून शेजाऱ्याच्या मक्यात गेलं. शेजारी ओरडत आला, तर हा त्याला म्हणतो, "थांब जरा, दुसरा हात राहिलाय." मग तोही थांबला.

आमच्या मुकादमीण शांताबाई. त्यांची नवी सून रेश्मा टोळीत आली ती मोबाईल घेऊन. पहिल्याच दिवशी ती म्हणाली की सिरीयलमध्ये असं दाखवत नाहीत. आत्याबाई लगेच म्हणाल्या, दाखव बरं. जेवणाच्या सुट्टीत लिंबाखाली त्यांनी मोबाईल हात लांब करून धरला आणि डोळे बारीक करून बघितलं. राक्षस गोरापान होता, छाती उघडी, पोटाला घट्ट घड्या पडलेल्या.

"ह्येच्या पोटावर वाफे कुणी पाडले गं?" आत्याबाईंनी विचारलं. "आन् बायकू कुटं हाय ह्येची?"

रेश्मा म्हणाली, ती अजून आलीच नाही सिरीयलमध्ये.

"मंग भाकरी कोण करतं ह्येला?"

रेश्माने दुसरी सिरीयल काढली. त्यात राक्षसच खरा भला माणूस होता आणि वीर लबाड. बायका तर थक्कच झाल्या, कुणाचा घास हातातच राहिला. आत्याबाईंनी ते शेवटपर्यंत बघितलं, मोबाईल पदराने पुसून परत दिला आणि म्हणाल्या, "लई चांगला करून ठिवला त्येला. आता पात संपल्यावर मारायचा कसा?" त्या दिवशी दुपारी त्यांचे दहा तोंडाचे नेहमीपेक्षा जास्तच द्वाड झाले.

यंदा मात्र आत्याबाईंचे गुडघे गेले. एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांची पात निम्मी होईपर्यंत आम्ही पलीकडच्या बांधाला टेकायला लागलो, आणि काम उक्तं, म्हणजे रान उरकल्याशिवाय कुणालाच घरी जाता येत नाही. एक पात मागे राहिली की दहाजणी खोळंबतात. शांताबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सासूबाईंना घरी राहायला सांग. मी टोळीत कधी तोंड उघडत नाही, चौथीत शाळा सुटली तेव्हापासून माझं बोलणं वहीतच. मी मान हलवली आणि घरी काही सांगितलं नाही. घरी बसल्या तर आत्याबाई बोलणार कुणाशी? घरात मुलं दार लावून मोबाईल बघतात. चार दिवसांनी शांताबाईंनी टेम्पोतून उतरताना स्वतःच सांगितलं, पण मन राखून.

"आत्याबाई, ह्या साली तुमी बांधावर बसा. पानी पाजा, गोष्ट सांगा. हाजरी मी लावते."

"बसून सांगायला मी काय टीव्ही हाय?" आत्याबाई म्हणाल्या आणि पात धरून बसल्या.

त्या मागे, गोष्ट मागे, आम्ही पुढे. गाडेवाल्यांना उशीर झालेल्या भाताचा राग आला होता एवढं ऐकू आलं आणि पुढचं वाऱ्यावर गेलं. मग एकेक बाई मान मागे वळवून खुरपायला लागली. दुपारी बघितलं तर तणाच्या जागी सोयाबीनच उपटलेलं. शांताबाई सगळ्यांवर भडकल्या. थोड्या वेळाने मात्र त्या स्वतःच रेश्माला हळूच विचारताना दिसल्या, की भात मिळाला का त्याला.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंच्या डाव्या हाताची पात धरली. आपली पात खुरपताना त्यांच्या पातीतलीही वीतभर काढत गेले. मान वर केली तर उजव्या हाताला रेश्मा, तीही तेच करत होती. आम्ही एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. आत्याबाईंची पात फितीएवढी उरली आणि त्या आमच्याबरोबर बांधाला लागल्या. पाणी पिताना म्हणाल्या, "माजे गुडगे सुदरले गं." शांताबाईंनी सगळं बघितलं होतं. त्या पलीकडच्या उसाकडे बघत राहिल्या.

तेव्हापासून तसंच चाललंय. आत्याबाई रोज टेम्पोत सगळ्यांच्या आधी चढून बसतात.

परवा पात संपत आली. मधल्यांनी गाडेवाल्यांना खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला, गदा उचलली. आम्ही दहाजणी दम धरून होतो. आणि आत्याबाई थांबल्या. खुरपं तसंच हातात. एकदा पातीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यांना पुढचं आठवत नव्हतं. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे, माझ्या तर वहीत उतरलेली आहे. ओठांवर आलं होतं माझ्या, पण मी बोलले नाही, कुणीच बोललं नाही.

मग शांताबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि कामाचं सांगावं तशा म्हणाल्या, "आत्याबाई, आज नका मारू त्येला. उद्या वरच्या वावरात जायचंय, तितं लागंल."

आत्याबाईंचा चेहरा असा काही उजळला.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "उटा हो गाडेवाले. उद्या या."

आणि गाडेवाले उठले, अंगाची माती झटकली आणि निघून गेले. आम्ही सगळ्या ते जाईपर्यंत बसून राहिलो.