हसऱ्या चेहऱ्याचं बटण

आमच्या ऑफिसातल्या प्रोग्रामर मंडळींसाठी मी एक छोटं ॲप केलं होतं. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की ते विचारायचं, ‘आज कसं वाटतंय?’ खाली तीन चेहरे असायचे : हसरा, साधा, उदास. एका सकाळी शेजारच्या टेबलावरच्या मृणालनं ओढणीनं डोळे टिपले आणि शांतपणे हसरा चेहरा दाबला.

“अगं, रडत होतीस ना?” मी हळूच विचारलं.

“मग काय, उदास दाबू? साहेबांना दिसतं ते. लगेच मीटिंग लावतील,” ती म्हणाली. “बाबा दवाखान्यात आहेत रे. मधे मधे कुणी हाक मारली नाही, तर काम लवकर आटपून त्यांच्याकडे जाता येईल. एवढंच हवंय.”

काळजी म्हणजे विचारपूस, असं मी धरून चाललो होतो. पण घरात कुणी दमून झोपलं असेल, तर आपण त्याला उठवून विचारत नाही. टीव्हीचा आवाज कमी करतो, दार अलगद लोटतो.

साहेबांशी बोलून मी ते चेहरे काढले आणि एकच बटण ठेवलं. ते दाबलं की सगळे निरोप थोडा वेळ बाहेर थांबतात. कुणी दाबलं, हे कुणालाच कळत नाही.

मृणालनं ते दाबलं का, मलाही ठाऊक नाही. पण ते बटण सुरू झालं त्या दिवशी ती ऊन असतानाच निघाली. जिन्यातून तिचा फोनवरचा आवाज आला, “बाबा, निघाले हं. आज बसते तुमच्याजवळ निवांत.”