कृत्तिकांमधला तो लाल ठिपका

मंडळी, आज मी सूड घेतला. ओरोसहून आमच्या कट्टा गावापर्यंत बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसत आले.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत दुर्बिणींनी काढलेल्या फोटोंमध्ये तपकिरी बटू शोधते. म्हणजे तारा व्हायला निघालेले, पण वजन कमी पडल्यामुळे पेटलेच नाहीत असे गोळे. गेल्या वर्षी कृत्तिकांच्या पुंजक्यात मला एक अंधुक लाल ठिपका दिसला. आनंदाच्या भरात मी तो माझ्या कॉलेजच्या जुन्या सरांना पाठवला. काही दिवसांत पेपरात बातमी आली, 'सरांचा शोध'. माझं नाव कुठेच नाही.

नंतर मी जुने आणि नवे फोटो ताडून पाहिले. पुंजक्यातले तारे सगळे मिळून एकाच दिशेला सरकतात. हा पठ्ठ्या जागचा हलतच नव्हता! म्हणजे तो फार मागचा, भलताच तारा. कट्ट्याच्या स्टॉपवर उभा असलेला प्रत्येक जण काही मालवणच्याच गाडीची वाट बघत नसतो.

आज ओरोसला त्याच शोधाबद्दल सरांचा सत्कार होता. भाषण संपल्यावर मी हात वर केला. "सर, तो ठिपका कुठल्या दिशेला सरकतोय?"

सरांनी पाणी मागितलं. मग दोन्ही फोटो मीच पडद्यावर लावले.

बाहेर आल्यावर सर मालवणीवर आले. "गो, माका आधी सांगूचा नाय?"

"सर, तुमी माका आधी इचारलास खंय?"

खरं सांगा, तुम्ही आधी सांगितलं असतं?